दहावीनंतर मुलगी कुठे जाते? भिवंडीच्या मोहल्ल्यांनी मिळून करायचं काम

दहावीचा निकाल लागला की भिवंडीत अकरावीच्या प्रवेशाची धावपळ सुरू होते. त्याच दिवसांत काही मुली मात्र शाळेच्या यादीतून गुपचूप गळतात. विचारलं तर उत्तर मिळतं, "गावाला गेलीय." लूम आणि गोदामांच्या आपल्या शहरात निम्मी घरं बाहेरगावच्या मुळांची, त्यामुळे या उत्तरावर कुणी पुढे विचारत नाही. ईदनंतर कळतं की तिचा निकाह झाला, आणि पुढच्या वर्षी सोळा-सतराव्या वर्षी ती आई होते.

आपल्याकडे कमी वयातलं बाळंतपण बहुतेक वेळा कमी वयातल्या लग्नातूनच येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (2019-21) सांगतं की महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या शंभर बायकांपैकी जवळपास 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं. 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 7.6 टक्के सर्वेक्षणाच्या वेळी आई झाल्या होत्या किंवा गरोदर होत्या. हा प्रश्न फक्त मुसलमानांचा आहे असं कुणी म्हणालं तर त्याला परभणी-बीडचे आकडे दाखवा. तिथलं प्रमाण राज्याच्या सरासरीच्या कितीतरी वर आहे. पण शेजारच्या घरात आग आहे म्हणून आपल्या घरातला धूर कमी होत नाही.

या वयात मुलीचं स्वतःचं शरीर अजून वाढत असतं. देशात 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्क्यांच्या अंगात रक्त कमी आहे. त्यात गरोदरपण आलं की रक्तदाब वाढून झटके येणं, बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होणं, बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मणं, हे सगळे धोके विशीतल्या आईपेक्षा जास्त असतात.

"शरीअतमध्ये तर बालिग झाली की निकाह जायज आहे," हे वाक्य प्रत्येक बैठकीत येतं, म्हणून त्याबद्दल सरळ बोलू. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत यतीम मुलांचा माल त्यांच्या हाती देण्याआधी त्यांच्यात 'रुश्द', म्हणजे समज आली आहे का, हे पाहायला सांगितलं आहे. पैशाच्या व्यवहाराला जी समज लागते, ती घर चालवायला आणि मूल वाढवायला लागणार नाही का? सूरह नूरमध्ये ज्यांना निकाहची ऐपत नाही त्यांना अल्लाह ऐपत देईपर्यंत सब्र करायला सांगितलं आहे. इंडोनेशियाने 2019 मध्ये मुलींचं लग्नाचं वय 19 केलं, पाकिस्तानच्या सिंध प्रांताने 2013 च्या कायद्याने 18. तिथेही मुसलमानच राहतात.

आपल्या देशाचा कायदा तर कडक आहे. 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार सज्ञान नवरदेव, लग्न लावून देणारे आईबाप आणि निकाह पढवणारा, सगळेच दोषी ठरू शकतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बायको अठराच्या आतली असेल तर तिच्याशी शरीरसंबंध हा बलात्कार आहे. म्हणजे आपल्या हौसेपायी बावीस वर्षांचा जावई तुरुंगात जाऊ शकतो.

तरी एकट्या पोलिसांनी हे काम होत नाही, असं माझं मत आहे. 2023 च्या फेब्रुवारीत आसाममध्ये बालविवाहांच्या नावाखाली हजारो माणसं पकडली गेली. घरचा कमावता आत आणि गरोदर मुलगी दवाखान्यात जायला घाबरलेली, अशा बातम्या आपण वाचल्या. लग्न ठरण्याआधी जे थांबवता येतं, ते नंतर कुणाच्याच हातात राहत नाही.

आणि आधी थांबवण्याची रीत भिवंडीला नवीन नाही. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी हे शहर होरपळलं. त्यानंतर पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या काळात इथे मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि हवालदार एकत्र बसायचे, बातमी अफवा होण्याआधीच पारखून घ्यायचे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यामागचं गुपित एवढंच की गल्लीतली खबर गल्लीतच, वेळेत, योग्य माणसापर्यंत पोहोचत होती. मुलींच्या बाबतीत आज नेमकं तेच होत नाही. वर्गशिक्षिकेला माहीत असतं की मुलगी येत नाही, आशाताईला माहीत असतं की घरात पाहुणे येऊन गेले, इमामसाहेबांना निकाहची तारीख माहीत असते. पण या तिघांची एकमेकांशी गाठच पडत नाही.

गाठ पडली, सातत्याने काम झालं, तर फरक पडतो. पैठण तालुक्यातल्या पाचोड इथल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने (आय.एच.एम.पी.) गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना तयार करून किशोरवयीन मुलींचे वर्ग चालवले. रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर. आरोग्य, हिशेब, कायदा, आपलं म्हणणं मांडणं. 1997 ते 2001 या काळात तिथलं अठराच्या आतल्या लग्नांचं प्रमाण सुमारे 81 टक्क्यांवरून 62 वर आलं. अजूनही जास्तच, पण चार वर्षांत एवढी घट लहान नाही. आपल्या शेजारी मुंब्र्यात 'परचम'च्या मुलींनी फुटबॉल खेळायला मैदान मिळावं म्हणून सह्या गोळा केल्या. 'आवाज-ए-निस्वाँ'चं रेहनुमा वाचनालय तिथेच आहे. मुलगी रोज तास-दोन तास घराबाहेर, आपल्या वयाच्या मुलींमध्ये, ओळखीच्या मोठ्या बाईच्या नजरेखाली असेल तर तिच्या मनातलं कुणाला तरी कळतं.

भिवंडीत यासाठी नवीन इमारत नको. शाळेने निकालानंतर प्रवेश न घेतलेल्या मुलींची यादी करावी आणि शिक्षिकांनी घरी जावं. शाळा खरंच सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी करता येते. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ आहे. अन्सारी-जुलाहा समाज ओबीसीत आहे, पण दाखल्यासाठी 1967 पूर्वीचा महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि बाहेरून आलेली बरीच घरं तिथेच अडतात. जमातने एखादा जाणकार माणूस कागदपत्रांसाठी बसवला तर दहा तकरीरींपेक्षा जास्त उपयोग होईल. काजीसाहेबांनी जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला पाहिल्याशिवाय तारीख देऊ नये. आणि ठरलेलं लग्न दिसलं तर 1098 वर फोन करावा. नाव सांगायची सक्ती नसते, आणि न्यायालय निकाहआधी मनाई हुकूम देऊ शकतं.

मुलांकडेही पाहा. पंधराव्या वर्षी लूमवर बारा तासांच्या पाळीला उभा राहिलेला पोरगा विसाव्या वर्षी "कमावता" म्हणून लग्नाला योग्य ठरतो. शरीरात काय बदल होतात, जबाबदारी म्हणजे काय, हे त्याला मोबाईलशिवाय कुणी सांगितलेलं नसतं. जुम्याच्या खुतब्याआधीची दहा मिनिटं यासाठी द्यायला हरकत नाही.

आणि जी मुलगी आधीच गरोदर आहे, तिला लपवू नका. अठराच्या आतली गरोदर मुलगी आली की डॉक्टरांना पोक्सो कायद्याखाली कळवावं लागतं, या भीतीने लोक तिला घरीच ठेवतात. ते कळवणं खरं आहे, पण पोलिसांचा कागद नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत. गर्भपाताच्या बाबतीत तर मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये सांगितलं आहे. इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात किंवा जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव पहिल्या तीन महिन्यांतच नोंदवा. सोबत सासू किंवा खाला असली तर तिलाही आत बसवा, कारण पुढचं मूल कधी हे बहुतेक घरांत तीच ठरवते. दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी निरोध आणि 'छाया' गोळी सरकारी केंद्रात मोफत मिळते. रसूलुल्लाह (स.) यांच्या काळात सहाबा 'अज़्ल' करत होते, हे हदीसमध्ये आलेलं आहे. सासूबाईंनी विचारलं तर हे आलिमाबाजींनीच सांगावं. आशाताईपेक्षा त्यांचं ऐकलं जातं.