पीसीचा वॉटर ब्लॉक घरी बनवायचाय? ओतायचा की मशीनवर कोरायचा?

सावद्याचा मे महिना म्हणजे काय ते खान्देशातल्या मंडळींना सांगायला नको. मागच्या उन्हाळ्यात घरून काम करताना माझा प्रोसेसर ९५ अंशांवर जाऊन आपला वेग आपणच कमी करायचा. म्हणून वॉटर कूलिंग करायचं ठरवलं. पंप आणि रेडिएटर विकत आणले. वॉटर ब्लॉक, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा आणि आतून पाणी खेळवणारा धातूचा ठोकळा, मात्र स्वतः बनवायची हौस होती.

पहिला प्रयत्न: ओतकाम

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांब्याला १,०८५ लागतात. म्हणून भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून वाळूच्या साच्यात ओतलं. ब्लॉक दिसायला झकास! पण पाणी सोडल्यावर तासाभरात त्याला घाम फुटल्यासारखे थेंब आले. नशीब, तो अजून पीसीत बसवला नव्हता.

असं का झालं? वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषतं. धातू गोठताना तो वायू सुटतो आणि आत बारीक छिद्रं राहतात. शिवाय चांगल्या ब्लॉकमधल्या पट्ट्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात. इतकं बारीक काम घरच्या वाळूच्या साच्यात उतरत नाही.

मग ओतकाम वाईट का? अजिबात नाही. शेतातलं जुनं वॉटर-कूल्ड डिझेल इंजिन आठवा. त्यात पाणी फिरायची पोकळी वाळूचा गाभा ठेवून ओतूनच करतात. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचं नाव अशाच कामांमुळे झालं. पण तिथे भिंती जाड असतात, आणि दोन भाग जिथे जुळतात ती बाजू शेवटी मशीनवरच सपाट करतात.

दुसरा प्रयत्न: मशिनिंग

मग तांब्याचा ठोकळा घेऊन वर्कशॉप गाठलं. मिलिंगवाले काका म्हणाले, "भाऊ, तांबं चिकट असतं, घाई नको." हळूहळू खाचा पाडल्या, ओ-रिंगसाठी गाळा कोरला, तळ पॉलिश केला. खर्च जास्त झाला, पण ठोकळा सलग असल्याने गळती नाही. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, तर ओतीव ॲल्युमिनियम मिश्रधातूंची साधारण १०० ते १५० (वॅट प्रति मीटर-केल्विन).

हे विसरू नका

- रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर ॲल्युमिनियमचा ब्लॉक लावू नका. एकाच पाण्यात दोन्ही आले की ॲल्युमिनियम गंजतं. म्हणजे माझा पहिला ब्लॉक गळला नसता तरी चुकीचाच होता!
- फक्त पंप चालू ठेवून २४ तास गळती तपासा, मगच पीसी सुरू करा.
- साचा ओला असेल तर वाफेच्या दाबाने वितळलेला धातू उसळतो. अनुभवी माणूस सोबत नसेल तर भट्टी पेटवूच नका.
- असं कूलिंग पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ४० अंशांवर असेल तर पाणी त्याहून गरमच राहणार.

माझा सल्ला: ब्लॉक मशीनवरच करून घ्या. ओतकामाची हौस पंपाच्या स्टँडवर भागवा. तिथे छिद्रं राहिली तरी बिघडत नाही. तुमचा काही जुगाड असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा!