विजेवरील छोटी मालमोटार : गोंडपिपरीच्या शेतकऱ्यास परवडेल काय?

गेल्या हंगामापासून आमच्या सभासदांकडून एकच प्रश्न वरचेवर विचारला जात आहे. तो असा की, डिझेल व पेट्रोल यांचे भाव पाहता मालवाहतुकीसाठी विजेवर चालणारी लहान मोटार घ्यावी किंवा कसे? चंद्रपुरात अशा मोटारी भाजीची व किराण्याची ने-आण करताना नित्य दिसू लागल्या आहेत. विक्रेत्याचा माणूस गावात येऊन "किलोमीटरला दोन रुपये" असा हिशेब तोंडपाठ सांगून जातो. हा हिशेब खोटा नाही, परंतु अर्धा आहे. उरलेला अर्धा मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे; कारण ही खरेदी बहुधा कर्ज काढून होते आणि ते कर्ज पुष्कळदा सातबाऱ्यावर चढते.

विजेचे वाहन हे केवळ शहरातील श्रीमंतांचे खूळ आहे, असा काहींचा समज असतो. तो बरोबर नाही. आपल्याच महाराष्ट्रात, फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत, डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० नंतरच्या दशकात विजेवरील रिक्षाचे काम हाती घेतले होते. शेतकीच्या संस्थेने ह्या कामात इतक्या लवकर लक्ष घालावे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तेव्हाच्या बॅटऱ्या शिशाच्या, वजनाने भारी व अल्पायुषी असत. आजच्या लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या व टिकाऊ झाल्या, म्हणूनच हा प्रश्न आपल्या अंगणापर्यंत आला आहे.

प्रथम वाहनाची ओळख करून घेऊ. ह्या मोटारीत इंजिन, गिअरपेटी, क्लच, ऑइल ह्यांपैकी काही नसते. खाली बॅटरीची पेटी आणि चाकांना फिरविणारी विजेची मोटर, एवढाच मुख्य कारभार. पेट्रोलची टाकी जशी लिटरने मोजावयाची, तशी ही पेटी युनिटने मोजावयाची. आपल्या वीजबिलावर जे युनिट असते तेच हे युनिट. टाटा कंपनीची 'एस ईव्ही' मे २०२२ मध्ये जाहीर झाली. तिची पेटी २१.३ युनिटांची होती व पल्ला १५४ किलोमीटर सांगितला होता. महिंद्राची 'झिओ' ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. जून २०२५ मध्ये टाटांनी 'एस प्रो' नावाची लहान मोटार काढली आणि ती पेट्रोलवर व विजेवर अशा दोन्ही रूपांत ठेवली. ह्या शेवटच्या मोटारीमुळे आपले काम सोपे झाले आहे. भार तोच, म्हणजे साडेसात क्विंटल, आकारही तोच, फरक केवळ इंधनाचा. सारख्यास सारखे लावून पाहावे, हा हिशेबाचा पहिला नियम होय.

बाजारात आली तेव्हा पेट्रोलच्या मोटारीची आरंभीची किंमत ३ लाख ९९ हजार व विजेच्या मोटारीची ६ लाख ५० हजार रुपये होती. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या वाहनांवरील कर पूर्वीच ५ टक्के असल्याने त्यांना ह्या कपातीचा लाभ झाला नाही. त्याच प्रमाणात पेट्रोलची मोटार उतरली असे धरले तर ती सुमारे ३ लाख ६८ हजारांस पडते आणि दोहोंतील अंतर सुमारे २ लाख ८२ हजार रुपयांचे होते. जुन्या छापील पत्रकावरून हिशेब करणाऱ्याची येथेच पहिली चूक होते.

आता चालविण्याचा खर्च. पेट्रोल लिटरला १०५ रुपये व भरल्या मोटारीची धाव लिटरला १८ किलोमीटर धरू. किलोमीटरला सुमारे ५ रुपये ८० पैसे आले. विजेच्या 'एस प्रो'ची पेटी १४.४ युनिटांची असून तिचा पल्ला १५५ किलोमीटर सांगितला जातो. हा पल्ला ठराविक चाचणीतला आहे. आपल्या रस्त्यावर, भार घालून, वैशाखात ४५ अंशांच्या उन्हात, शंभर किलोमीटर मिळाले तरी समाधान मानावे. भरताना थोडी वीज वाया जाते ती धरून किलोमीटरला ०.१६ युनिट लागेल. घरच्या मीटरवर वापर वाढला की युनिटचा दर वरच्या टप्प्यात जातो, म्हणून १२ रुपये धरणे शहाणपणाचे. खर्च किलोमीटरला १ रुपया ९० पैसे. ऑइल, फिल्टर व क्लच यांचा खर्च वाचतो तोही थोडा मिळवून किलोमीटरमागे चार रुपयांची बचत होते, असे ठरवू. विक्रेत्याचा माणूस येथे थांबतो. आपणांस थांबून चालत नाही.

जे २ लाख ८२ हजार अधिक द्यावयाचे, त्यांवर दहा टक्के व्याज धरले तर पहिल्या वर्षाचे व्याजच २८ हजारांवर जाते. चार रुपये दराने एवढी बचत होण्यास वर्षात ७ हजार किलोमीटर धावले पाहिजे. म्हणजे जो वर्षाला सात हजारांहून कमी चालवितो, त्याची सारी बचत व्याजात जाते आणि मुद्दल जागचे हालत नाही. सात वर्षांत मुद्दल फेडावयाचे तर वर्षाला ४० हजार रुपये मुद्दलाचे व सरासरी पंधरा हजार व्याजाचे, असे ५५ हजार रुपये सुटले पाहिजेत. त्यास वर्षाला सुमारे १४ हजार किलोमीटर, म्हणजे तीनशे दिवस रोज पंचेचाळीस ते पन्नास किलोमीटर धाव हवी.

आमच्या तालुक्यातील मध्यम शेतकरी इतका धावतो काय? दहा एकरांचा धनी घेऊ. सहा एकर धान व चार एकर कापूस. धान एकरी सोळा क्विंटल धरल्यास ९६ क्विंटल, म्हणजे तेरा खेपा. कापूस एकरी सात क्विंटल धरल्यास २८ क्विंटल. परंतु सुटा कापूस वजनाआधी जागा भरतो, खेपेस चार-साडेचार क्विंटलांहून अधिक बसत नाही. तेव्हा सहा-सात खेपा. गोंडपिपरीहून कोठारी, बल्लारपूर ह्या मार्गाने चंद्रपूर सुमारे ५५ ते ६० किलोमीटर आहे. सगळा माल तेथेच नेला असे धरले, जरी पुष्कळ धान जवळच्या केंद्रावर वा गिरणीवर जाते, तरी वीस खेपांचे २३०० किलोमीटर होतात. खते, बियाणे, बाजारहाट, लग्नकार्य व दवाखाना यांचे आणखी तीन हजार मिळवा. बेरीज ५३०० किलोमीटर. वर्षाची बचत २१ हजार रुपये. व्याजही निघत नाही. अशा शेतकऱ्याने विजेची मोटार घेऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. किंबहुना त्याने पेट्रोलची तरी नवी घ्यावी काय, हाही प्रश्नच आहे. वर्षातून वीस खेपांसाठी भाड्याची गाडी स्वस्त पडते, आणि रोवणीच्या दिवसांत बांधीपर्यंत पऱ्हे पोचविण्यास बंडीवाचून गत्यंतर नाहीच.

ह्याच्या उलट वैनगंगेच्या काठचा भाजीवाला पाहा. वांगी, भेंडी, मिरची पहाटे भरून रोज बल्लारपूरच्या बाजारात न्यावयाची व दुपारपर्यंत घरी परतावयाचे. जाऊन-येऊन सुमारे ८५ किलोमीटर, तीनशे दिवसांचे २५ हजारांवर. त्याची बचत वर्षाला लाखाच्या घरात जाते आणि अधिक दिलेली रक्कम व्याजासह तीन-साडेतीन वर्षांत फिटते. त्याचा मार्ग ठरलेला, भार हलका, मुक्काम रात्री घरीच. विजेच्या मोटारीस हवे असते ते सर्व त्याच्या धंद्यात आयतेच आहे. दूध गोळा करणाऱ्याचे, किराणा पोचविणाऱ्याचेही तसेच. आठ-दहा शेतकऱ्यांनी अथवा गावच्या उत्पादक कंपनीने मिळून एक मोटार घेतली व तिला रोजचे काम लावले, तरी हाच हिशेब लागू पडतो. मात्र तीत चालक एकच असावा. दहा हातांत गेलेली मोटार कोणाचीच राहत नाही, हे ट्रॅक्टरच्या भागीदारीत पुष्कळांनी पाहिले आहे.

काहीजण म्हणतील की, आम्हांस साडेसात क्विंटलांची मोटार काय करावयाची? आमच्याकडे चालते ती डिझेलची मोठी पिकअप. कागदावर तिचा भार पंधरा क्विंटल आणि प्रत्यक्षात पोती किती, हे न विचारलेले बरे! हा आक्षेप खरा आहे. ह्या वजनाच्या विजेच्या मोटारी अजून थोड्या आहेत. टाटांनी मे २०२४ मध्ये एक टन भाराची 'एस ईव्ही १०००' काढली. तिचा पल्ला १६१ किलोमीटर सांगितला होता. परंतु किंमत दहा लाखांच्या वर जाते. शिवाय डिझेलच्या गाडीवर जादा भार घातला तर ती कण्हत का होईना पोचते. विजेच्या मोटारीवर घातला तर पल्लाच आखडतो आणि गाडी घराच्या अलीकडे थांबते. ज्यास जादा पोती घातल्यावाचून राहवत नाही, त्याने ह्या वाटेस जाऊ नये.

चंद्रपूरची फेरी ११० ते १२० किलोमीटरांची आणि आम्ही धरलेला पल्ला शंभरांचा, ही अडचण वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. परतताना गाडी रिकामी असल्याने वीज कमी लागते, तरीही चंद्रपुरात माल उतरेपर्यंत दोन तास भरून घेण्याची सोय पाहूनच निघावे. कोठारीकडील जंगलात सायंकाळी गाडी थांबणे म्हणजे काय, हे येथील माणसास सांगावयास नको. आष्टी-गोंडपिपरी मार्गावर सुरजागडच्या लोहखनिजाच्या अवजड वाहतुकीने रस्त्याची काय दशा झाली होती, तेही सर्वांनी पाहिले आहे. खड्ड्यांतून हळू चालल्याने विजेचा खर्च फारसा वाढत नाही, परंतु पेटीस खालून दगड लागता कामा नये. आणि ह्या मोटारीस आवाज नसतो. रस्त्यात बसलेली गुरे उठत नाहीत.

आता विजेसंबंधी. दुर्गापूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात त्याप्रमाणे त्याच जिल्ह्यातील खेड्यांत सायंकाळी दाब उतरतो. (धूर गावातून गेला, तो दुर्गापुरास निघाला, एवढाच फरक, असेही कोणी म्हणेल.) १५ अँपिअरच्या सॉकेटवरून १४.४ युनिटांची पेटी भरण्यास पाच ते सहा तास लागतात. दाब कमी असेल तर अधिक. म्हणून रात्री दहानंतर लावावी. घराच्या जोडणीचा मंजूर भार बहुधा अपुरा असतो. तो अर्ज करून वाढवून घ्यावा, स्वतंत्र तार ओढावी व अर्थिंग नवे करून घ्यावे. कवेलूच्या घरात जुन्या तारेवर हे यंत्र लावणे म्हणजे आगीस आमंत्रण होय.

एक गोष्ट विशेष बजावून सांगावयाची आहे. राज्य सरकारने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस वीज मोफत केली आहे. ती वीज मोटारीस लावावी, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. आमच्यापुढे काहींनी तो बोलूनही दाखविला. तसे करू नये. ज्या कामासाठी जोडणी मंजूर झाली त्याहून निराळ्या कामासाठी वीज वापरणे हा २००३च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो, व त्याची आकारणी दुपटीने होते. वर्षाची बचत एका तपासणीत जाईल.

ज्याचे छत पक्के आहे त्याने मात्र सूर्यघर योजनेचा विचार करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ह्या योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचास ७८ हजार रुपये अनुदान आहे. असा संच दिवसास सरासरी बारा युनिटे देतो; ती ७५ किलोमीटरांस पुरतात. मोटारीवरील अनुदानाविषयी विक्रेते पुष्कळ बोलतात. केंद्राची फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ रोजी संपली. तिच्यानंतरच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत मोठे ट्रक आहेत, ही लहान चारचाकी मालमोटार नाही. राज्याच्या २०२५च्या धोरणातील सवलत व करमाफी किती मिळणार, ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे आणि सवलत येईल ह्या भरवशावर कर्जाची रक्कम कमी मागू नये.

बॅटरीची हमी हा शेवटचा मुद्दा. 'झिओ'स सात वर्षे किंवा दीड लाख किलोमीटर अशी हमी जाहीर झाली होती. हमीपत्रात बॅटरीची शक्ती किती टक्क्यांखाली गेल्यास ती बदलून मिळेल, हे वाचल्याशिवाय सही करू नये. दुरुस्तीचे केंद्र चंद्रपुरात आहे की नागपुरास गाडी न्यावी लागेल, आणि नेण्याचा खर्च कोणाचा, हेही तेथेच विचारावे.

ज्याचा हिशेब वर्षाला चौदा हजार किलोमीटरांच्या वर जातो, त्याने विक्रेत्याकडून मोटार एक दिवसासाठी मागून घ्यावी. आपलीच पोती, मोजून साडेसात क्विंटल, तीत घालावी. आपल्याच रस्त्याने बल्लारपुरास जाऊन यावे. रात्री भरण्यापूर्वी व सकाळी भरल्यावर घरच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा. घरात त्या रात्री दुसरे काय चालू होते तेही लिहावे. युनिटांस किलोमीटरांनी भागले असता ०.१६ ऐवजी ०.२० आले, तर वर मांडलेल्या हिशेबात बचत साडेतीन रुपयांवर येते आणि चौदा हजारांच्या ठिकाणी सोळा हजार किलोमीटर लागतात.