कामाच्या टेबलावरचे डाव

१८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत डेव्हनशायर रेजिमेंटचे तरुण अधिकारी मेसमधल्या बिलियर्डच्या टेबलावर ‘ब्लॅक पूल’ नावाचा खेळ खेळत. नेव्हिल चेंबरलेन हा एकोणीस वर्षांचा अधिकारी त्यांच्यातलाच. त्याने त्या खेळात आणखी काही रंगीत चेंडू आणले आणि स्नूकर जन्माला आला. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. आपणच हा खेळ काढला असा दावा चेंबरलेनने म्हातारपणी, १९३८ साली पत्र लिहून केला, आणि तो आज सर्वत्र मान्य आहे. यातली खरी नवलाची गोष्ट अशी की टेबल, काठी आणि माणसे तीच राहिली. नियम थोडेसे बदलले तर खेळणाऱ्यांचे डोकेच वेगळे चालू लागले. चेंडू टेबलाच्या खिशात घालण्यापेक्षा तो दुसऱ्या चेंडूच्या आड लपवून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणे कधीकधी जास्त फायद्याचे ठरू लागले.

त्याच सैन्यात त्याच काळात एक अगदी वेगळा खेळही रुजत होता. एव्हलिन बेरिंग या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८७२ साली युद्धखेळाची नियमावली तयार केली होती. चेंबरलेन जबलपुरात होता तेव्हा हा बेरिंग व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूकचा खासगी सचिव म्हणून हिंदुस्थानातच होता. हाच पुढे लॉर्ड क्रोमर म्हणून इजिप्तमध्ये गाजला. जबलपूरचा खेळ वेळ घालवण्यासाठी होता, बेरिंगचा काम शिकवण्यासाठी. आज कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गात जे खेळ मांडले जातात, ते या दुसऱ्या घराण्यातले.

या घराण्याचा मूळपुरुष प्रशियाचा. बॅरन फॉन राइसविट्झ यांनी १८१२ साली राजाला युद्धखेळाचे एक टेबल नजर केले. त्यांच्या तोफखान्यातल्या मुलाने १८२४ साली तो खेळ नकाशावर आणला आणि जनरल स्टाफचे प्रमुख म्यूफलिंग यांच्यापुढे खेळून दाखवला. सुरुवातीला जरा नाराजीनेच बसलेले म्यूफलिंग शेवटी इतके प्रभावित झाले की त्यांनी साऱ्या सैन्याला त्याची शिफारस केली. त्यातली युक्ती अशी होती, की दोन्ही बाजूंचे पूर्ण चित्र फक्त पंचाला दिसे. खेळणाऱ्यांनी लेखी हुकूम द्यायचे आणि आपल्या तुकडीच्या नजरेत येईल तेवढेच त्यांना कळायचे. फासे आणि कोष्टके नुकसान ठरवत. पुढे कोष्टकांचा इतका सुळसुळाट झाला की डाव पुढे सरकेना, तेव्हा १८७६ साली फेर्दी दु व्हेर्नुआ या जनरलने बहुतेक कोष्टके बाजूला सारली आणि निर्णय अनुभवी पंचावर सोपवला. नियम किती ठेवायचे आणि जाणत्या माणसावर किती सोपवायचे, हा वाद खेळ रचणाऱ्यांमध्ये आजही चालू आहे. माझा कल व्हेर्नुआकडे आहे.

कारखान्यात हा प्रकार यायला शंभरेक वर्षे गेली. १९३२ साली लेनिनग्राडमध्ये मारिया बिर्श्टाइन यांनी टंकलेखन यंत्रांच्या कारखान्यासाठी उत्पादनाचा खेळ रचला. तो उद्योगातला पहिला शिकवणारा खेळ मानला जातो. अमेरिकेत रँड संस्थेने १९५५ साली हवाई दलाच्या सुट्या भागांच्या पुरवठ्यावर ‘मोनोपोलॉग्ज’ हा खेळ काढला. त्यात एका भांडारप्रमुखाने निरनिराळ्या तळांची गरज भागवायची असे. पुढच्या एक-दोन वर्षांत अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने संगणकावर चालणारा व्यवस्थापनखेळही आणला.

पण सगळ्यांत विलक्षण डाव साठच्या दशकाच्या तोंडावर एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या गटाने रचला. त्याचे नाव ‘बिअर गेम’. संगणक लागत नाही. एक लांब बोर्ड, चकत्या, चिठ्ठ्या आणि पत्त्यांची एक गड्डी पुरते. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी चार ठाणी एका रांगेत बसतात. प्रत्येक फेरी म्हणजे एक आठवडा. मागणी चिठ्ठीवर लिहून वरच्या ठाण्याकडे पाठवायची, माल खालच्या ठाण्याकडे सरकवायचा. चिठ्ठी पोचायला वेळ लागतो आणि माल यायलाही दोन आठवडे लागतात. पडून राहिलेल्या प्रत्येक खोक्यामागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, न पुरवलेल्या खोक्यामागे एक डॉलर. आपसात बोलायचे नाही. गिऱ्हाइकाची मागणी पालथ्या पत्त्यांवर लिहिलेली असते आणि ती फक्त दुकानदार बघतो.

पहिले चार आठवडे गिऱ्हाईक चार खोकी मागते. पाचव्या आठवड्यापासून आठ. त्यानंतर शेवटपर्यंत आठच. बदल एवढाच.

आणि तरीही रांगेत हलकल्लोळ माजतो. दुकानदाराचा साठा उतरतो, तो थोडे जास्त मागवतो. मागवलेले लवकर येत नाही म्हणून पुढच्या आठवड्यात आणखी मागवतो. वाटेत असलेला माल त्याच्या हिशेबातून निसटलेला असतो. घाऊक व्यापाऱ्याला वाटते, मागणी उसळली. जॉन स्टरमन यांनी १९८९ साली छापलेल्या अभ्यासात गिऱ्हाइकाची मागणी आठवर स्थिर असताना मागणीचा सरासरी उच्चांक दुकानदाराकडे १५ होता, कारखान्यापर्यंत जाता जाता तो ३२ झाला. मग सारा माल एकदम येऊन कोसळतो आणि मागणी शून्यावर येते. चमूंचा सरासरी खर्च २,०२८ डॉलर झाला, नीट खेळले असते तर तो सुमारे २०४ झाला असता.

डावानंतर खेळणाऱ्यांना विचारतात, ‘गिऱ्हाइकाने काय मागितले असेल, त्याची रेघ काढा.’ जवळजवळ सगळे चढउतारांच्या लाटा काढतात. मग पत्ते उलटून दाखवतात. चिडलेल्या माणसाला आपण केलेला गोंधळ स्वतःच्या हातच्या आलेखात दिसतो. व्याख्यानाने हे साधत नाही, आणि म्हणूनच डावाला जेवढा वेळ दिला तेवढाच या ‘डीब्रीफिंग’ला द्यावा लागतो. अनेक कंपन्यांत नेमकी हीच कंजुषी होते. डाव संपला की फोटो काढून मंडळी जेवायला जातात.

जबलपूरला हा डाव जसा शोभेल तसा फार थोड्या गावांना. १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी इथे, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना इथे, १९६९ पासूनची व्हेईकल फॅक्टरी इथे, केंद्रीय आयुध भांडार इथे. आणि मुळात खडकीला सुरू झालेली, सैन्याला साठा सांभाळायला शिकवणारी शाळाही इथेच आहे. आज तिचे नाव कॉलेज ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट. त्यात १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध कारखान्यांचे मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. आता खमरिया पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाच्या अखत्यारीत, गन कॅरेज फॅक्टरी कानपूरच्या कंपनीकडे आणि व्हेईकल फॅक्टरी चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कंपनीकडे. शेजारी तेच, वरिष्ठ कार्यालये तीन ठिकाणी.

इथे बिअर चालणार नाही; पात्रे बदलावी लागतील. ट्रकची क्लच प्लेट घ्यावी. चार ठाणी म्हणजे युनिट, पुढचा डेपो, केंद्रीय भांडार आणि कारखाना. चिठ्ठीला ‘इंडेंट’ म्हणावे, कारण स्टोअर्समधल्या माणसाला तोच शब्द सवयीचा. एका फेरीत कारखान्याला कच्चा माल उशिरा मिळावा. दुसऱ्यांदा खेळताना युनिटची मागणी चौघांनाही उघड दाखवावी आणि दोन्ही खेपांचे खर्च फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. लाटा खचितच कमी होतात, पण पूर्ण जात नाहीत. खरी मागणी समोर दिसत असतानाही वाटेतला माल विसरण्याची खोड सुटत नाही, आणि वर्गात सगळ्यांत जास्त चर्चा रंगते ती त्यावरच.

बसण्याची व्यवस्था मात्र जपून ठरवावी. आपल्याकडे साहेब टेबलावर असले की हाताखालचा माणूस आपल्या मनाने आकडा लिहीत नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून लिहितो. त्यामुळे ज्येष्ठांना युनिटच्या जागी बसवावे, जिथे माल मिळेपर्यंत नुसती वाट पाहावी लागते. कारखान्याच्या जागी नवा भरती झालेला कारकून किंवा सुपरवायझर असावा, आणि डाव संपल्यावर बोलायची पहिली पाळी त्यालाच द्यावी.