टायरची बाजू फाटली तर?

अहिल्यानगरहून (पूर्वीच्या अहमदनगरहून) पाथर्डीच्या रस्त्याने निघाले, की सुमारे १३ किलोमीटरवर डोंगरावर एक अष्टकोनी दगडी इमारत दिसते. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. खरे तर ती सरदार सलाबतखानाची कबर आहे. सुटीच्या दिवशी तुम्ही गिअरच्या सायकलवरून तेथे गेलात, असे समजा. चढताना दम लागतो, उतरताना मजा वाटते. पण उतारावरच टायर फुटला तर? हँडल हातात राहत नाही आणि जिवावर बेतू शकते. म्हणून निघण्यापूर्वी टायर नीट पाहावा.

टायरमध्ये हवा भरण्याची युक्ती जुनी आहे. बेलफास्ट शहरातील जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेची चाके तयार केली आणि १८८८ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. त्यापूर्वी सायकलींना भरीव रबराची चाके असत. ती फार हादरे देत.

टायर नुसत्या रबराचा नसतो. त्याच्या आत मजबूत दोऱ्यांचे थर असतात. हवेचा जोर हे दोरे पेलतात. रबर त्यांचे पाण्यापासून व घासण्यापासून रक्षण करते. जमिनीला टेकणारा भाग जाड असतो, पण बाजूचा भाग पातळ असतो, कारण तो सतत वाकतो. टोकदार खडी किंवा काच लागली, ब्रेकचे रबर घासले किंवा कमी हवेवर सायकल चालवली, तर तो फाटतो.

काटा रुतला, तर ट्यूबला पंक्चर काढले की काम होते. बाजू फाटली, तर तेवढ्याने भागत नाही. चाकात दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब आहे, असे समजू. भेग २ सेंटिमीटर लांब आणि अर्धा सेंटिमीटर रुंद असेल, तर तिचे क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे ट्यूबला तेथे ३ किलोचा रेटा बसतो. ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते आणि फुटते. पंक्चरचे रबरी ठिगळ ताणले जाते, म्हणून ते तिला अडवू शकत नाही. तेथे न ताणणारे ठिगळ हवे.

दुरुस्तीची रीत अशी आहे. प्रथम हवा सोडून टायर काढा. आतून बोट न फिरवता फडके फिरवा, म्हणजे काच किंवा काटा बोटात जाणार नाही. भेगेतील माती काढा. जुन्या टायरच्या पातळ भागाचा तुकडा कापा. तो भेगेपेक्षा सर्व बाजूंनी २ ते ३ सेंटिमीटर मोठा असावा. त्याच्या कडा तासून पातळ करा, नाहीतर त्या ट्यूबला घासतील. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून पुसा. दोन्हींना सोल्यूशन लावा, ते थोडे सुकू द्या आणि मग तुकडा घट्ट दाबा. वरून पावडर टाका, म्हणजे ट्यूब चिकटणार नाही. काही ठिकाणी मोची नायलॉनच्या दोऱ्याने भेग शिवून देतो. तसे केले, तरी आतून ठिगळ हवेच.

टायर बसवल्यावर आधी निम्मीच हवा भरा. चाक फिरवून पाहा. भेगेजवळ फुगवटा दिसला, तर हवा सोडा. फुगवटा नसेल, तर उरलेली हवा हळूहळू भरा.

वाटेत दुकान नसेल, तर दुधाच्या रिकाम्या पिशवीच्या चार-पाच घड्या करून त्या भेगेआड ठेवा. हा उपाय घरी सावकाश पोहोचण्यापुरताच आहे.

प्रत्येक टायर दुरुस्त होत नाही. भेग मोठी असेल, पुष्कळ दोरे तुटले असतील किंवा टायरच्या कडेची तार उघडी पडली असेल, तर टायर बदलावाच. दुरुस्त केलेला टायर पुढच्या चाकाला घालू नये. मागचा टायर फुटला तर सायकल बहुधा सावरता येते, पुढचा फुटला तर सावरणे फार कठीण जाते. काटकसर हा चांगला गुण आहे, पण ती कोठे थांबवावी हेही कळले पाहिजे.

प्रश्न
१. टायरमधील दोऱ्यांचे काम कोणते?
२. पंक्चरचे ठिगळ भेगेला का चालत नाही?
३. टायर केव्हा बदलावा?