मधुमेही माणसाचे ताट

मधुमेह हा काही या युगाने आणलेला रोग नव्हे. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. एवढेच नव्हे, तर निर्धन रोग्याने छत्री व पादत्राणे टाकून, भिक्षान्नावर राहत शंभर योजने चालावे, अथवा विहीर खणावी, असा उपचारही तीत सांगितला आहे. यातील अनवाणी चालणे तेवढे आज कोणी अनुसरू नये. मधुमेहात पावले बधिर होतात, खडा टोचलेला कळत नाही आणि लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येते. परंतु अंगमेहनतीचे मर्म त्या आचार्यांनी बरोबर ओळखले होते.

आपण खाल्लेल्या भात-भाकरीची पोटात शर्करा होते व ती रक्तात मिसळते. स्वादुपिंडातून पाझरणारे इन्सुलिन हे द्रव्य तिला रक्तातून स्नायूंत पोचविते. हे द्रव्य कमी पडले, किंवा शरीर त्यास दाद देईनासे झाले, म्हणजे शर्करा रक्तातच साचते आणि डोळे, मूत्रपिंडे व हृदय यांना हळूहळू पोखरते. काम करणारा स्नायू मात्र इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील शर्करा ओढून घेतो. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालण्याचा गुण तो हाच.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांवरून देशातील मधुमेह्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख ठरते. यांत सडपातळ माणसेही पुष्कळ. असे का व्हावे? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांच्यासह काढलेले स्वतःचेच छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! तेव्हा 'मी कुठे लठ्ठ आहे?' या समाधानात कोणी राहू नये.

अशा वेळी आहाराचे नवे नवे पंथ निघावेत, यात नवल नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धती मराठी घराघरांत नेली. दुसरे कोणी धान्य वर्ज्य करून तेल-तुपावर भर देतात. वजन उतरले म्हणजे बहुधा शर्कराही उतरते, हे या साऱ्यांतील सत्य होय. पण चार महिने कडक नेम आणि पाचव्या महिन्यात पूर्ववत् पंगत, असे झाले की मिळविलेले सारे निघून जाते. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून ज्वारी-नाचणीचाही फार बोलबाला आहे. आपल्या हैदराबादेत संध्याकाळी गाड्यांवर ज्वारीच्या रोट्या भाजल्या जातात, तेथे गर्दी असते. ज्वारी उत्तमच, तथापि तीही पिष्टमयच आहे. भाताऐवजी एक भाकरी घेतली तर लाभ. भातासोबत तीन घेतल्या तर काय साधले? नाचणीचे बारीक पीठ शिजवून केलेली पातळ आंबील तर शर्करा झपाट्याने चढविते.

याच शहरात तार्नाक्याजवळ राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे लहानशा प्रयोगशाळेच्या रूपाने जन्मलेली ही संस्था १९५८ मध्ये येथे आली. २०२४ च्या तिच्या मार्गदर्शिकेनुसार तृणधान्यांपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक असू नये. म्हणजे आपल्या ताटातील भाताचा ढीग निम्मा करून ती जागा अंबाडी, मेथी, दोडका यांसारख्या भाज्यांना, घट्ट वरणाला, उसळीला आणि ताकाला द्यावयाची. फळ चावून खावे. त्याचा रस काढू नये. चहासोबतची उस्मानिया बिस्किटे हीसुद्धा आहारातच मोजली पाहिजेत, हे आमच्या शहराला सांगणे कठीण!

एवढ्याने खरोखर फरक पडतो काय? चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांचे सहकारी यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ लोकांचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नेहमीच्या सर्वसाधारण सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी ५५ टक्के लोक मधुमेही झाले; आहार व चालणे सांभाळणाऱ्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले.

ज्यांना रोग जडलाच आहे आणि जे गोळ्या अथवा इन्सुलिन घेतात, त्यांनी मात्र वैद्यांना न विचारता उपवास किंवा नवा पंथ धरणे धोक्याचे आहे. औषध तेवढेच आणि अन्न कमी, अशाने शर्करा एकाएकी घसरते. आजोबांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर विद्यार्थ्यांनी मोठ्यांना हाक मारावी व तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांना पाजावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. बरे वाटताच काही खावयास द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्यांना कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा.