सत्तावीस दिवसांचं आवर्तन

ध्वनिमुद्रक कॉनी प्लांक यांच्या जर्मनीतल्या स्टुडिओत टेपरेकॉर्डरमधून निघालेली फीत ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांना वळसा घालून पुन्हा त्याच यंत्रात शिरत होती. सेकंदाला १५ इंच वेगानं टेप धावली, तर साडेतेवीस सेकंदांच्या एका आवर्तनाला जवळजवळ नऊ मीटर फीत लागते. एवढी फीत ताणून धरायला काहीतरी हवंच! दोन्ही टोकं जोडलेल्या या वळ्यावर मुद्रित होता गळ्यातून लांबवलेला एकच सूर; बाकी शांतता.

इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी अशी अनेक वळी एकाच वेळी फिरवली. त्यांच्या सांगण्यानुसार एक सूर दर २३ १/२ सेकंदांनी यायचा, दुसरा साधारण २५ ७/८ आणि तिसरा २९ १५/१६ सेकंदांनी. देवळाला प्रदक्षिणा घालणारी तीन माणसं आपापल्या चालीनं निघाली, तर ती महाद्वाराशी पुन्हा एकदम कधी येतील? शाळेतला लसावि काढून पाहू. सेकंदाचे सोळा भाग केले, तर ही आवर्तनं ३७६, ४१४ आणि ४७९ भागांची भरतात. ४७९ ही मूळ संख्या असल्यानं आकडा झपाट्यानं फुगतो : ३,७२,८१,५२८ भाग, म्हणजे सुमारे २७ दिवस. तोवर या तीन सुरांची हुबेहूब तीच मांडणी परत येत नाही. ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या ईनो यांच्या ध्वनिमुद्रिकेवर आपल्याला ऐकू येतात ती त्यातली जेमतेम नऊ मिनिटं.

ही युक्ती ईनो यांना अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश यांच्या १९६५च्या प्रयोगातून उमगली. त्यात एकच ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर किंचित वेगळ्या गतीनं चालवलं होतं. पार्श्वभूमीला राहणाऱ्या संगीताची कल्पना त्याहून जुनी : १९२० साली पॅरिसमध्ये फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी लक्ष न देता ऐकायचं संगीत वाजवून पाहिलं होतं. पण श्रोते गप्प बसून ऐकू लागले.

‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ १९७८मध्ये आलं. अशा पार्श्वभूमीच्या संगीताला ॲम्बियंट हे नाव रूढ झालं ते याच ध्वनिमुद्रिकेमुळे. कल्पना सुचली कोलोनच्या विमानतळावर. ईनो यांच्या अटी काटेकोर होत्या : उद्घोषणेसाठी संगीत कुठेही थांबवता यावं, त्याचे सूर बोलण्याच्या कंप्रतेशी भिडू नयेत आणि त्याची गतीही बोलण्याहून निराळी असावी. मला ही अभियंत्याची दृष्टी फार मोलाची वाटते, कारण त्यात ऐकणाऱ्याच्या कानाचा आणि त्याच्या गप्पांचाही मान राखला आहे. १९८०मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाच्या एका टर्मिनलवर ते प्रत्यक्ष वाजलं.

२००८मध्ये ईनो आणि संगीतकार पीटर चिल्व्हर्स यांनी अशाच आवर्तनांचं ‘ब्लूम’ हे ॲप काढलं. पडद्यावर बोट टेकवलं की सूर उमटतो, आवर्तनात फिरत राहतो आणि हळूहळू विरतो. बोट लावलं नाही, तर ॲप स्वतःच सूर निवडू लागतं.