एका शब्दाची फोड आणि साडेसहा हजार पाने

याज्ञवल्क्यस्मृतीत वारसांचा क्रम सांगताना ‘पितरौ’ असा शब्द येतो. मागे बायको नाही, मूल नाही, नातूही नाही असा माणूस वारला, तर मिळकत आईबापांकडे जाते. पण आधी कोण? विज्ञानेश्वराने या स्मृतीवरच्या ‘मिताक्षरा’ टीकेत व्याकरणाचा आधार घेतला. या शब्दाचा विग्रह ‘माता च पिता च’ असा होतो, म्हणून आई आधी. शिवाय बाप सावत्र भावंडांचाही असतो, आई तेवढी त्याची एकट्याची. तेव्हा तीच जवळची. सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी ‘व्यवहारमयूखा’त हे अमान्य करून बापाला पुढे आणले. (हे घराणे मूळचे पैठणचे. शिवराज्याभिषेक करणाऱ्या गागाभट्टांचे वडील आणि नीलकंठ हे चुलतभाऊ.)

इंग्रजी अमलात गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मयूख वरचढ ठरला, पुण्याकडे मिताक्षरा. त्यामुळे एकाच तऱ्हेच्या दाव्यात मुंबईत बाप वारस ठरे आणि पुण्यात आई.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांची कारकीर्द मला या एका शब्दापाशी नीट उमगते. असा दावा समजायला व्याकरण आणि कायदा एकाच डोक्यात असावे लागतात, आणि काण्यांनी दोन्ही विषय शिकवले होते. जन्म १८८०चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. आधी सरकारी शाळांत मास्तरकी, मग मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत. १९११पासून हायकोर्टात वकिली, आणि पुढे काही वर्षे गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात कायद्याचे प्राध्यापक.

त्यांचे मोठे ग्रंथ जन्मले ते मास्तरांच्या सवयीतून. विद्यार्थ्याच्या हाती नुसती संहिता देऊन भागत नाही, ती कुठून आली हेही सांगावे लागते. ‘साहित्यदर्पणा’च्या आवृत्तीला त्यांनी प्रस्तावना जोडली, ती वाढत वाढत संस्कृत साहित्यशास्त्राचा इतिहास झाली. ‘व्यवहारमयूखा’चे संपादन १९२६ साली छापून आले. त्याच्याआधी धर्मशास्त्राचा थोडका इतिहास द्यावा, असे त्यांच्या मनात होते. विषय प्रस्तावनेत मावेना. १९३०मध्ये भांडारकर संस्थेने ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’चा पहिला खंड काढला, पाचव्या खंडाचा शेवटचा भाग आला तेव्हा १९६२ उजाडले होते. एकूण पाने साडेसहा हजारांच्या वर. गिरगावात आंग्रेवाडीतले घर, दिवसा कोर्ट, पोटात अल्सरची व्याधी, आणि हे लेखन. एवढे काम एका माणसाने केले, हे खंड समोर मांडून बसल्याशिवाय खरे वाटत नाही.

तिसरा खंड, १९४६चा, वकिलाने जरूर उघडावा. राजधर्म आणि व्यवहार त्यात आहेत: साक्षीदार, दस्तऐवज, ऋण, वाटणी. स्मृतिकारांचे मतभेद ते झाकत नाहीत. कोण कोणाच्या विरुद्ध आहे, कोणता पाठ संशयास्पद आहे, हे पुरावा मांडावा तसे मांडतात.

मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, राज्यसभा, १९६३चे भारतरत्न हे सगळे यथाकाल आले. राज्यसभेत असतानाच १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा झाला. मयूख आणि मिताक्षरा यांतला प्रांतभेद त्याने पुसला. मृत पुरुषाच्या वारसांत आई पहिल्या वर्गात आली, विधवेच्या आणि मुलांच्या बरोबरीने. बाप दुसऱ्या वर्गात गेला.